‘नेमके शब्द सांगा’ : सत्र न्यायालयात साक्ष दिली त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीला साक्षीचं समन्स आलं. तिच्या सोसायटीतल्या मारामारीची केस. रात्री साडेदहाला फोन करून विचारत होती, "अगं, कोर्टात उभं राहून मी बोलायचं तरी काय?" हाच प्रश्न घेऊन २०२२ साली मीही रात्र रात्र जागले होते आणि तेव्हा सांगणारं जवळ कुणी नव्हतं. माझी साक्ष झाली, खटल्याचा निकालही लागला, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम टाळते आहे. दोन्ही घरं अजून त्याच वाडीत, एकाच पाणंदीवर राहतात.

२०१९ ची दिवाळी ज्यांना आठवते त्यांना तो पाऊसही आठवत असेल. ऑक्टोबर सरत आला तरी उघडीप नव्हती. शेतात पाणी तुंबलेलं, काढलेलं सोयाबीन गंजीत भिजत होतं. मी भाऊबीजेला माहेरी गेले होते. ३१ ऑक्टोबरला, गुरुवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास मी आणि धाकटा भाऊ गंजीवरची ताडपत्री बघायला शेतात गेलो. शेजारचं रान आबांचं. नात्यातले नव्हेत, पण वडिलांचे जिवाभावाचे मित्र. त्यांनी रानातलं पाणी काढायला बांध फोडून चर पाडली होती आणि ते पाणी खालच्या रानात, भावकीतल्या पुतण्याच्या, वाडी ज्याला ‘धाकला’ म्हणते त्याच्या वाट्यात उतरत होतं. बांधावरच्या शेवरीखाली आबा कुशीवर पडलेले दिसले. एक चप्पल चिखलात रुतलेली. डोक्याच्या मागच्या बाजूनं रक्त येत होतं. मी अंगावरची ओढणी काढली आणि जखमेवर गच्च बांधली. नवीन होती, हळदी रंगाची, भावानंच दोन दिवसांपूर्वी ओवाळणीत घातलेली.

भावानं छोटा हत्ती आणला. मागच्या हौद्यात रिकामी पोती टाकून आबांना निजवलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. ग्रामीण रुग्णालय १४ किलोमीटर. रस्ता खड्ड्यांचा, त्यात पाऊस. अर्ध्या वाटेत आबांनी डोळे उघडले. मी वाकून विचारलं, "आबा, काय झालं?" ते म्हणाले, "धाकल्यानं खोरं घातलं गं मागनं." थोडं थांबून म्हणाले, "म्हशीची धार ऱ्हायलीया. तुझ्या आईला सांग." त्यानंतर ते बोलले नाहीत. रुग्णालयात मलमपट्टी करून १०८ नं जिल्ह्याला न्यायला सांगितलं. रात्री नवाच्या आधी वाटेतच ते गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत वाडी जमली होती. शेळ्या राखणारा तेरा वर्षांचा एक पोरगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी वरच्या बांधावर होतो. धाकला खोरं घेऊन पळताना मी बघितला." हे वाक्य मी मनात घट्ट धरून ठेवलं. मला वाटलं, सगळ्या केसचा जीव यातच आहे.

२ नोव्हेंबरला पोलीस जबाब घ्यायला आले. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरीच यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. फौजदार विचारत होते, हवालदार लिहून घेत होते. मी भडाभडा सगळं सांगितलं. काय पाहिलं, आबा काय म्हणाले, पोरगा काय म्हणाला, आणि जून महिन्यात आमच्या ओट्यावर बसून आबा वडिलांना काय म्हणाले होते तेही. त्या वेळी मीही तिथेच होते. आबांचं वाक्य होतं, "धाकला म्हणतोय, बांधाला हात लावलास तर तिथंच गाडीन." हवालदारांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा ते असं झालं होतं : "सदर इसमाने जखमी अवस्थेत मला सांगितले की, पुतण्याने डोक्यात खोऱ्याने मारहाण केली आहे." मी मान डोलावली. अर्थ तोच होता की! पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, तशी माझीही घेतली नाही. आज त्या पडवीत असते तर म्हणाले असते, साहेब, आबा ज्या शब्दांत बोलले तेच शब्द लिहा, ‘धाकला’ म्हणाले तर ‘धाकला’च लिहा. या एका शब्दावर पुढे उलटतपासाचा, म्हणजे आरोपीच्या वकिलांच्या प्रश्नांचा, पाऊण तास गेला.

जानेवारी २०२० मध्ये दोषारोपपत्र दाखल झालं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुढची दोन वर्षं केसचं काय चाललंय याचा पत्ता नव्हता. धाकला जामिनावर सुटून वाडीत परतला होता. मी पुण्यात, पण आईवडील तिथंच. त्याच्या घरचे दोनदा येऊन गेले. धमकी कसली नाही. फक्त म्हणाले, "गाडीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, एवढं म्हणालीस तरी पुरे." आईनं चहा दिला आणि काही बोलली नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये संध्याकाळी दारात पोलीस उभा. समन्स. शेजारची दोन दारं किलकिली झाली. कागदावर सेशन केसचा क्रमांक, साक्षीदार क्रमांक ५, तारीख १४ सप्टेंबर, वेळ ११, आणि हजर न राहिल्यास वॉरंट निघेल असा इशारा. पोटात गोळा आला. समन्स आलं की दोन गोष्टी लगेच करा. एक म्हणजे त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ऑफिसात रजेसाठी लागतो. दुसरी, ई-कोर्ट्सचं ॲप घ्या आणि केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाका. पुढची तारीख आणि केस कुठल्या टप्प्यावर आहे ते तिथं दिसतं. हे मला माहीत असतं तर निदान त्या दोन वर्षांत केस बंद पडली की काय या शंकेनं मन खात बसलं नसतं.

१४ सप्टेंबरला पहाटे सव्वापाचला स्वारगेटहून एसटी धरली. जाऊन-येऊन ४१० रुपये. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर अकरा ते तीन बसले. पट्टेवाला नावं पुकारायचा आणि दरवेळी छातीत धस्स व्हायचं. तीन वाजता कळलं, आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत, पुढची तारीख. बाहेर टपरीवर चहा घेत होते तर समोर धाकला. लहानपणी आमच्या परड्यातल्या चिंचा पाडायला येणारा तोच पोरगा. म्हणाला, "ताई, बरी हायस का?" मी "हं" म्हणाले आणि कप तसाच ठेवून निघाले. परतीच्या गाडीत रडू आवरेना. त्याचा रागही येत होता आणि माझ्या एका वाक्यानं त्याचं काय होईल याची भीतीही वाटत होती. हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, त्यात काही चूक नाही, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

२३ नोव्हेंबरला दुसरी तारीख. न्यायाधीश रजेवर. पुन्हा पाच तासांचा प्रवास वाया, असं म्हणत उठणार एवढ्यात सरकारी वकील मॅडमनी खोलीत बोलावलं. त्या दिवशी त्यांना वेळ होता आणि ती चाळीस मिनिटं मला साऱ्या खटल्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आधी मी त्यांना चहाच्या टपरीवरचा प्रसंग आणि घरी आलेली माणसं, दोन्ही सांगितलं. त्यांनी वहीत नोंद केली. म्हणाल्या, दबाव वाढला तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो, लपवू नका. मला अर्जाची वेळ आली नाही, पण असं काही आहे हे कळल्यावर पाठीला आधार आला.

मग त्यांनी माझ्या जबाबाची झेरॉक्स पुढ्यात ठेवली आणि पेन्सिल घेतली. शेवरीखाली आबा पडलेले होते, चप्पल चिखलात होती, ओढणी बांधली, या वाक्यांखाली साधी रेघ मारली. "हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. हे बिनधास्त सांगायचं." पोरग्याच्या वाक्यावर आडवी काट मारली. मी चपापलेच. "मॅडम, हेच तर महत्त्वाचं आहे! त्यानं डोळ्यांनी बघितलंय."

"त्यानं बघितलंय, तुम्ही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्याच्याकडून ऐकलंय. हा ऐकीव पुरावा. भारतीय पुरावा कायद्याचं कलम ६० म्हणतं, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिल्याची गोष्ट असेल तर ज्यानं पाहिली त्यानंच सांगायची. तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहून पोरग्याचं सांगाल, पण उलटतपास कुणाचा घ्यायचा? तो किती लांब होता, पाऊस किती होता, त्याला दिसलेला माणूस पाठमोरा होता की समोरून, यातलं तुम्हाला काय माहीत? आणि त्यानं तर शपथही घेतलेली नाही."

मी म्हटलं, मग आबांचं? तेही मी ऐकलेलंच.

त्यांनी आबांच्या वाक्याभोवती गोल केला होता. म्हणाल्या, "पोरगा जिवंत आहे ना? मग त्यानं स्वतः यावं. आबा येऊ शकत नाहीत. म्हणून कायद्यानं त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलंय. कलम ३२ चं पहिलं पोटकलम. मेलेल्या माणसानं आपल्या मरणाच्या कारणाबद्दल काही सांगितलं असेल, तर ज्यानं ते आपल्या कानांनी ऐकलं त्याला कोर्टात सांगता येतं. मृत्युपूर्व जबाब म्हणजे नायब तहसीलदारानं दवाखान्यात लिहून घेतलेलाच असतो असं नाही. तो तोंडी असू शकतो, मांडीवर डोकं ठेवून सांगितलेलाही असू शकतो." त्यांनी २००२ च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाचं नाव घेतलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं त्यात म्हटलंय की, अशा जबाबाला ठरावीक साचा लागत नाही आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून तो बाद होत नाही. फक्त सांगणारा शुद्धीवर होता, याची न्यायाधीशांची खात्री पटली पाहिजे. त्याही आधी, १९५७ साली, नागपूरच्या खुशाल राव प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगून ठेवलंय की, पूर्ण विश्वास बसला तर एकट्या मृत्युपूर्व जबाबावरही शिक्षा देता येते. "पण तोंडी असला की न्यायाधीश शब्द न् शब्द पारखतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्ही अर्थ सांगू नका. शब्द सांगा."

त्या पोरग्याचा जबाब पोलिसांनी घेतलाच नव्हता. त्याच्या आईनं "माझं लेकरू कोर्टकचेरीत नको" म्हणून हात जोडले होते. कायद्यानं लहान मूलही साक्ष देऊ शकतं, प्रश्न समजून नीट उत्तर देता आलं की झालं. मॅडमनी हेही सांगितलं की, त्यानं त्याच क्षणी बांधावरून "धाकला पळाला, धाकला पळाला" असा ओरडा केला असता आणि तो मी ऐकला असता, तर कलम ६ खाली घटनेचाच एक भाग म्हणून तेवढं कदाचित सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी पडवीत सांगितलेलं त्यात बसत नाही. मला याची खंत अजून आहे. जे त्यानं पाहिलं ते मी माझ्या जबाबात घातलं आणि काम झालं असं समजले. त्यापेक्षा त्याच्या आईजवळ चार वेळा जाऊन बसायला हवं होतं. कुणी तुम्हाला म्हणालं "मी बघितलं", तर त्याचं बोलणं स्वतःच्या जबाबात घालून समाधान मानू नका. तपास अधिकाऱ्याला त्या माणसाचं नाव द्या आणि त्या माणसाला धीर द्या.

१२ एप्रिल २०२३. मधल्या काळात १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे जाण्यायेण्याचे २०५ रुपये लागले. भावालाही त्याच दिवशी बोलावलं होतं, पण एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना दुसऱ्यानं बाहेर थांबायचं असतं. तो व्हरांड्यात, मी आत. पावणेबाराला पुकारा झाला. पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली : ईश्वरसाक्ष खरे सांगेन. आवाज घशातच अडकला. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं आणि म्हणाले, "घाई नाही. माझ्याकडे बघून सांगा, हळू सांगा, टायपिंग व्हायला हवं." उत्तर वकिलाकडे बघून न देता न्यायाधीशांकडे बघून दिलं की धडधड कमी होते.

सरतपास सुरू झाला, म्हणजे सरकारी वकील मॅडमचे प्रश्न. शेत, शेवरी, चर. मग लाखेचं सील असलेलं खाकी पाकीट फोडलं आणि आतली वस्तू माझ्यापुढे धरली. ओढणी. हळदी रंग कुठं कुठं काठालाच उरला होता, बाकीची तपकिरी, कडक, घडी पडलेल्या पुठ्ठ्यासारखी. एका टोकाला मी मारलेली गाठ तशीच होती. "हीच ती ओढणी का?" मी हो म्हणाले आणि पुढचा प्रश्न मला ऐकूच आला नाही. मुद्देमाल ओळखायला लावतात, हे आधी माहीत असलेलं बरं. मन तयार राहतं.

"आबा गाडीत काय म्हणाले? त्यांचे नेमके शब्द सांगा," न्यायाधीशांनी स्वतः विचारलं. मी दोन्ही वाक्यं सांगितली, खोऱ्याचंही आणि म्हशीचंही. ती अवतरणचिन्हांत टाईप होताना समोरच्या पडद्यावर दिसली. मग माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आणि दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या पोरानं सांगितलं की..." आरोपीचे वकील ताडकन उठले, "ऑब्जेक्शन! हिअरसे." न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "बाई, तो काय म्हणाला ते नको. तुम्ही काय पाहिलंत?" ते वाक्य टाईप झालंच नाही. साडेतीन वर्षं ज्या वाक्याला मी जपलं होतं, ते कोर्टाच्या कागदावर आलंही नाही. आधी समजावलेलं होतं तरी आत काहीतरी तुटलं.

जूनमधल्या ओट्यावरच्या वाक्याला आरोपीच्या वकिलांनी पुन्हा हरकत घेतली : हे ऐकीव आहे आणि घटनेच्या चार महिने आधीचं आहे. इथं खरोखर वाद रंगला. कलम ३२ मध्ये मरणाच्या कारणाबरोबरच ‘ज्या घडामोडीतून मरण ओढवलं तिची परिस्थिती’ असेही शब्द आहेत. ही परिस्थिती किती मागे ताणायची? १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयानं, पाकला नारायण स्वामी प्रकरणात ठरवलं की, त्या बोलण्याचा मरणाशी जवळचा संबंध हवा, नुसता संशय किंवा सर्वसाधारण भीती चालणार नाही. पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर, मरण पावलेल्या विवाहितेनं घरच्यांना लिहिलेल्या पत्रांवरून आणि सांगितलेल्या गोष्टींवरून याचाच खल झाला. त्यातला आरोपी शेवटी सुटला, पण परिस्थितिजन्य पुराव्याचा विषय निघाला की अजूनही कोर्टात त्याच निकालाचा दाखला देतात. ही नावं मी त्या दिवशी पिंजऱ्यात उभ्या उभ्या ऐकली आणि नंतर मॅडमना विचारून समजून घेतली. न्यायाधीशांनी प्रश्न आणि हरकत दोन्ही नोंदवून घेतलं आणि माझा सरतपास संपताना सांगितलं : नोंद राहील, त्याला वजन किती द्यायचं ते निकालाच्या वेळी.

सही करण्याआधी साक्ष वाचायला देतात. नीट वाचा. माझ्या कागदावर "मला दिसले" च्या जागी "मला समजले" असं पडलं होतं. ऐकीव आणि प्रत्यक्ष यांतला सगळा फरक त्या एका क्रियापदात होता. सांगितल्यावर लगेच दुरुस्त करून दिलं, कुणी रागावलं नाही.

उलटतपास दुसऱ्या दिवशी होईल म्हणाले होते, तो २६ जूनला झाला. दीड तास. वकिलांनी आवाज चढवला नाही, मला "ताई"च म्हणत होते, पण एकेक प्रश्न चिमट्यासारखा होता.

"आज सकाळी जबाब वाचून आलात ना?" हो, वाचला. हे लपवायचं काही कारण नसतं.

"गाडी डिझेलची. हौद्यात आवाज किती येतो?" येतो. म्हणून मी वाकून, कान तोंडाजवळ नेऊन ऐकलं.

"पोलिसांच्या जबाबात ‘पुतण्या’ आहे, ‘धाकला’ हा शब्दच नाही. आज पहिल्यांदा सांगताय." मी ‘धाकला’च सांगितलं होतं, ‘पुतण्या’ कसं लिहिलं गेलं ते मला सांगता येणार नाही. आबांच्या तोंडचे शब्द माझ्या लक्षात आहेत. इथं त्यांनी मुद्दाम थांबून विचारलं, "आबांना सख्खा धाकटा भाऊ आहे ना? मग धाकला म्हणजे तो कशावरून नाही?" हा प्रश्न येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. क्षणभर सगळं कोर्ट गरगरलं. मग जे माहीत होतं तेच सांगितलं. आबा सख्ख्या भावाला ‘बाळू’ म्हणत, मी जन्मापासून ऐकत आलेय. आणि चार चुलतभावांतल्या शेंडेफळाला सगळी वाडी ‘धाकला’ म्हणते, मीही म्हणते. हे ऐकीव ठरलं नाही, कारण वाडीत कोण कुणाला काय हाक मारतं हे मी माझ्या कानांनी ऐकत मोठी झालेय.

मग दवाखान्याचा कागद. त्यावर ‘मारहाण’ लिहिलं होतं आणि माहिती देणारा म्हणून भावाचं नाव. "म्हणजे आबा काहीच बोलले नाहीत. तुमच्या भावानं सांगितलं ते डॉक्टरांनी लिहिलं." मी म्हटलं, डॉक्टरांना भावानंच सांगितलं. तोवर आबांचं बोलणं थांबलं होतं. शेवटी नेहमीची वाक्यं झाली, वकिलांनी म्हटलेलं आपण नाकारलं की ती अशी टाईप होतात : हे म्हणणे खोटे आहे की आबा गाडीत बेशुद्ध होते, हे म्हणणे खोटे आहे की तुमच्या वडिलांच्या मैत्रीमुळे तुम्ही खोटी साक्ष देत आहात. जे माहीत नव्हतं तिथं "माहीत नाही" म्हणाले, असं सहा वेळा झालं. आबांना फटका बसताना मी पाहिलं नाही, हेही स्वच्छ सांगितलं. ते विचारल्यावर वकिलांनी कागद ठेवला.

बाहेर पडताना हजेरीचा दाखला मागून घ्या, रजेला लागतो, आणि तिकिटं जपून ठेवा. मला भत्ता मिळाला तो एकाच खेपेचा, तोही अर्ज करून. चार रजा बिनपगारी गेल्या.

भावाची साक्ष जुलैत झाली. त्याच्याबद्दल लिहावं की नाही, याचा पुष्कळ विचार केला. त्यालाच विचारलं, तो म्हणाला, लिही. त्या दिवसापासून तो वाडीत सांगत आला होता की आबा आम्हाला दोघांना असं असं म्हणाले. गाडी तो चालवत होता, मध्ये काच होती. त्यानं काही ऐकलं नव्हतं, मी रुग्णालयात उतरल्यावर त्याला सांगितलं होतं. पण सांगून सांगून ते त्याला स्वतःच ऐकल्यासारखं वाटू लागलं होतं. पिंजऱ्यात शपथ घेतल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही स्वतः ऐकलंत?" आणि तो म्हणाला, "नाही साहेब. बहिणीनं सांगितलं." त्याच्या साक्षीतला तो भाग गळाला. घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही. मला मात्र त्याचा अभिमान वाटला. कायदा ऐकीव गोष्टीवर का विसंबत नाही, हे मला कलमांपेक्षा त्याच्याकडे बघून जास्त कळलं. माझा भाऊ खोटारडा नाही. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्याच्या आत जाऊन बसली होती.

डिसेंबरमध्ये डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांनी सांगितलं की अशी जखम झाल्यावर माणूस काही वेळ शुद्धीवर राहून बोलू शकतो. मग युक्तिवाद, मग तारखा. १ जुलै २०२४ ला नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला तेव्हा धास्ती वाटली, आता पुन्हा पहिल्यापासून? तसं काही नव्हतं. आधीपासून चालू असलेले खटले जुन्याच कायद्यानं चालतात. ज्यांची केस नंतरची आहे त्यांच्यासाठी सांगते, कलम ६० आता ५५ झालंय, ३२ चं २६ आणि ६ चं ४. गाभा तोच आहे.

१० डिसेंबर २०२४ ला निकाल लागला. अचानक उद्भवलेलं भांडण, एकच फटका, हातात असलेलं अवजार, यावरून खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला, कलम ३०४ भाग २, सात वर्षं. आबांच्या घरच्यांना ते कमी वाटलं. धाकल्याची आई व्हरांड्यात खाली बसून राहिली, माझ्याकडे तिनं बघितलं नाही. उच्च न्यायालयात अपील गेलंय.

निकालाची नक्कल मी अर्ज करून घेतली आणि माहेरी जाऊन भावाला दिली. तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत होता, आई दारात उभी. बचाव पक्षाचा एक मुद्दा असा होता की, ज्याला म्हशीची धार आठवते त्याला आपण मरतोय याची जाणीवच नव्हती, मग हा मृत्युपूर्व जबाब कसा? न्यायाधीशांनी लिहिलं होतं की, आपल्या कायद्यात बोलणाऱ्याला मरणाची चाहूल असण्याची अट नाही. उलट घरच्या कामाची आठवण होणं हे माणूस शुद्धीवर असल्याचं लक्षण आहे आणि साक्षीदारानं हे वाक्य रचून सांगण्याचं काही कारण दिसत नाही. जूनमधल्या वाक्याचा मरणाशी जवळचा संबंध दिसत नाही म्हणून ते विचारात घेतलं नव्हतं. पोरग्याचा तर कुठंच उल्लेख नव्हता.

भाऊ मध्येच थांबला. "म्हशीचं पण लिहिलंय?" आईनं विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि ती ओळ त्यानं पुन्हा वाचली.